डबल आयपीएचा कडूपणा आला कुठून?

डबल आयपीए म्हणजे ‘इंडिया पेल एल’ या कडू बिअरचा अधिक तीव्र प्रकार. त्याचा ग्लास नाकाशी नेला की आधी पपनसाच्या सालीसारखा आणि पाइनच्या चिकाचा वास येतो. कडवटपणा मागून येतो, आणि घोट गिळल्यावरही जिभेवर रेंगाळतो. या चवीचं श्रेय सर्रास हिंदुस्थानच्या जलप्रवासाला दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातला बिअर बनवणारा हॉजसन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना उधारीवर बिअर देई. केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई-कलकत्ता गाठायला महिनोन् महिने लागत. हॉप्स या वेलीच्या फुलांमधली कडू द्रव्यं बिअर नासवणाऱ्या कित्येक जिवाणूंना रोखतात, म्हणून निर्यातीच्या बिअरमध्ये हॉप्स सढळ हातानं पडत. पण फिक्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या सातूची), भरपूर हॉप्सची बिअर इंग्लंडात आधीपासूनच होती. हॉजसननं ती शोधलेली नाही. १८२०च्या दशकात इंग्लंडातल्याच बर्टन गावचा बिअर बनवणारा ऑलसॉप या धंद्यात उतरला. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम हे खनिज मुबलक असल्यानं हॉप्सचा कडूपणा अधिक स्वच्छ, कोरडा लागे.

पपनसाचा वास मात्र अमेरिकेचा. ओरेगॉनमध्ये तयार झालेलं कॅस्केड हे हॉप्सचं वाण १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीनं १९७५ मध्ये आपल्या लिबर्टी एल या बिअरमध्ये ते वापरलं, मग सिएरा नेवाडा ब्रुअरीच्या पेल एलनं ते घरोघरी पोचवलं. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावी ब्लाइंड पिग ब्रुअरीत विनी सिलुर्झोनं पहिल्याच बिअरला जवळजवळ दुप्पट हॉप्स घातले. यंत्रसामग्री जुनाट होती. चवीत काही दोष उतरलाच तर तो झाकला जावा, हा हेतू. डबल आयपीएचा जन्म बहुतेक जाणकार इथेच मानतात, आणि मलाही हेच मूळ पटतं.

ही बिअर चाखताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कडूपणा हॉप्स उकळल्यानं येतो, पण सुवासिक तेलं त्याच उकळीत उडून जातात. म्हणून वासासाठी हॉप्स उकळीच्या शेवटी, आणि पुन्हा बिअर आंबल्यानंतर थंडच घालतात. हा वास फार नाजूक असतो. उष्णतेनं आणि हवेनं काही आठवड्यांत विरतो, मागे नुसता कडूपणा उरतो. २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाल्यापासून पुण्यात जिथे बनते तिथेच ताजी बिअर प्यायची सोय झाली आहे. आयपीए पहिल्यांदा चाखायची तर तशा ठिकाणीच चाखावी. बाटली घ्यायचीच झाली तर आधी तारीख बघावी.