गुंगी म्हणायची की भूल?

लोकलच्या रेटारेटीत निखळलेला खांदा बसवायचा असला की मुंबईच्या कॅज्युअल्टीत नातेवाइकांना सांगतात, "थोडी गुंगी देतो." सहीच्या कागदावर बहुधा ‘भूल’ असते. गुंगीच्या औषधांच्या दुष्परिणामांच्या तुलनेतला घोळही या दोन शब्दांमधलाच आहे.

अमेरिकेत 1985 मध्ये मिडाझोलॅम हे गुंगीचं औषध आलं, तेव्हा डॉक्टरांचा हात त्याहून कमी तीव्र अशा जुन्या डायझेपामला सरावलेला होता. मात्रा जड झाल्या, श्वास मंदावून माणसं दगावली आणि औषधावर कडक इशारा छापावा लागला. त्याच काळात दातांच्या दवाखान्यातला ‘कॉन्शस सिडेशन’ हा शब्द सगळीकडे पसरला. शुद्धीतली गुंगी! रुग्ण गाढ झोपलेला असला तरी नोंद मात्र हीच. ‘कॉन्शस’ म्हटलं की देखरेखही सैल, ही टीका मला रास्त वाटते. 2002 मधल्या भूलतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी ‘मध्यम’ आणि ‘खोल’ अशा पायऱ्या घातल्या. हाकेला किंवा हलक्या स्पर्शाला उत्तर आलं तर मध्यम. पुन्हापुन्हा हलवावं किंवा दुखवावं लागलं तर खोल. वेदनेने नुसता हात मागे घेतला, तर त्याला प्रतिसाद धरायचं नाही.

केटामिन हे औषध या जिन्यावर कुठेच बसत नाही. डोळे उघडे, श्वास चालू, पण खांदा ओढल्याचा पत्ता नाही. त्याला ‘डिसोसिएटिव्ह’ (जाणीव शरीरापासून तुटलेली) असा वेगळा कप्पा करावा लागला. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध झटकन खोल नेतं, रक्तदाबही पाडतं. ते भूलतज्ज्ञांखेरीज इतरांनी द्यावं का, यावर बरीच वर्षं भांडण चाललं.

इमर्जन्सी विभागात प्रौढांना गुंगी दिल्याच्या 9,652 प्रसंगांचं एकत्रित विश्लेषण 2016 मध्ये आलं. दर हजारी 40.2 जणांचा ऑक्सिजन उतरला, 16.4 जणांना उलटी झाली, 15.2 जणांचा रक्तदाब पडला. उलटी आणि बेचैनी केटामिनमध्ये जास्त, श्वास थांबणं मिडाझोलॅममध्ये जास्त. पण हे आकडे नुसते औषधाचे नाहीत. कुणाला किती खोल नेलं, तेही त्यांत मिसळलेलं आहे.

आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीला 2009 मध्ये मान्यता मिळाली. केटामिन 2013 मध्ये शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या औषधयादीत गेलं: वेगळं रजिस्टर, कुलूपबंद कपाट. रात्री दोन वाजता खांदा घेऊन कुणी आलं, तर कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, यावरही औषध ठरू शकतं.