ट्विन-लेन्स रिफ्लेक्स कॅमेरा

एकावर एक बसवलेल्या दोन लेन्सचा, १२० क्रमांकाच्या रुंद फिल्मवर चौरस फोटो घेणारा, पेटीच्या आकाराचा कॅमेरा. फोटोग्राफर मंडळी त्याला नुसते ‘टीएलआर’ म्हणतात. वरच्या लेन्समधून आलेला प्रकाश आतल्या तिरप्या आरशावरून वळून माथ्यावरच्या दुधी काचेवर पडतो आणि तिथे दृश्य दिसते. खालच्या लेन्सच्या पोटात शटर असते, फोटो तिच्यातून निघतो. दोन्ही लेन्स एकाच पट्टीवर असल्याने बाजूचा नॉब फिरवला की जोडीने पुढेमागे सरकतात, म्हणून काचेवर जे स्पष्ट दिसते तेच फिल्मवर स्पष्ट उतरते. आज जुन्या कॅमेऱ्यांकडे नव्याने वळणाऱ्यांनी सुरुवात करावी असा हा कॅमेरा आहे. त्याचे मुख्य कारण त्या दुधी काचेत आहे.

कॅमेरा गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा. वरचे झाकण उघडले की चार पातळ पत्र्यांचे चिमणीसारखे हूड उभे राहते. त्यात वाकून पाहिले की तळाशी सुमारे साडेपाच सेंटिमीटरचे चौकोनी, उजळ चित्र हलताना दिसते. अंगणातला पेरू, दोरीवरचे धुणे, पायरीवर बसलेली आजी, सगळे त्या काचेवर सपाट होऊन येते. दोन्ही डोळ्यांनी पाहता येत असल्यामुळे फोटो काढण्याआधीच आपण एखादा छापील फोटो न्याहाळत आहोत असे वाटते. हूडमधले छोटे भिंग वर केले की आजीच्या चष्म्याच्या काडीवर फोकस लावता येतो. चित्र सुलटे असले तरी त्याची डावी-उजवी बाजू बदललेली असते. डावीकडे चाललेली सायकल काचेवर उजवीकडे जाते, आणि नवशिका तिला पकडायला हमखास उलटा वळतो. दोन-तीन रोल संपेपर्यंत हात सरावतो.

या वाकून पाहण्याचा समोरच्या माणसावरही परिणाम होतो. डोळ्याला यंत्र लावून रोखून पाहणाऱ्यापुढे माणसे अवघडतात. मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसापुढे ती लवकर सैलावतात. कॅमेरा कमरेच्या उंचीवर असल्याने लहान मूल त्याच्याच उंचीवरून टिपले जाते आणि उभा माणूस भारदस्त दिसतो. शटरचा आवाज जेमतेम ‘टिक्’ एवढा. पाहायला आणि टिपायला एकच लेन्स असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यात फोटोच्या नेमक्या क्षणी आरसा वर उडतो आणि दृश्य नाहीसे होते. टीएलआरचा आरसा हलत नाही, त्यामुळे डोळे मिटले गेले का हे फोटो काढतानाच कळते.

लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीचा १८८५ सालचा ‘कार्लटन’ हा बाजारात तयार मिळालेला पहिला टीएलआर मानला जातो. या प्रकाराला खरे रूप दिले ते जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके यांनी. त्यांचा रोलायफ्लेक्स १९२९ साली आला आणि पुढची तीसेक वर्षे वार्ताहर, फॅशन छायाचित्रकार आणि स्टुडिओवाले यांच्या गळ्यात राहिला. अमेरिकेतील छायाचित्रकार व्हिव्हियन मायर यांनी शिकागोच्या रस्त्यांवरचे अनेक फोटो याच कॅमेऱ्याने टिपले. नवसारीत जन्मलेल्या आणि मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्या साधनांतही स्पीड ग्राफिक या मोठ्या प्रेस कॅमेऱ्याबरोबर रोलायफ्लेक्स होता. जपानी याशिका कंपनीने त्याच धर्तीचे स्वस्त कॅमेरे काढले. त्यांतला १९७० साली आलेला मॅट-१२४जी १९८६ पर्यंत बनत होता. रशियाचा लुबितेल प्लॅस्टिकचा आणि हलका, तर मामिया सी३३० वर लेन्सची जोडी बदलता येई.

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांतल्या स्टुडिओंनी बहुधा याशिकावरच संसार केले. काळ्या जाड कागदाच्या अल्बममध्ये, त्रिकोणी कोपऱ्यांत अडकवलेले, मधे बटर पेपर असलेले चौकोनी लग्नाचे फोटो ज्यांच्या घरी आहेत, त्यांच्याकडे या कॅमेऱ्याचे काम आधीच पोचलेले आहे. फिल्मही काही काळ देशी मिळे. उटी येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून उत्पादन सुरू झाले आणि त्याची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म स्टुडिओंच्या कपाटात असे.

आज असा कॅमेरा घरच्या माळ्यावर, मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात सापडू शकतो. घेताना दोन तपासण्या टाळू नयेत. पहिली शटरची : वेग एक सेकंदावर ठेवून बटण दाबावे आणि कान लावावा. घरघर सलग होऊन शटर मिटले तर ठीक. मधेच अडकले तर आतले तेल सुकले आहे आणि सफाईचा खर्च धरावा लागेल. दुसरी बुरशीची, आणि आपल्याकडे ही अधिक महत्त्वाची. मागचे झाकण उघडून, शटर ‘बी’वर (बटण दाबून असेपर्यंत उघडे राहते त्या खुणेवर) उघडे धरून, लेन्समधून टॉर्चचा उजेड तिरपा टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की कॅमेऱ्याने काही पावसाळे चामड्याच्या केसमध्ये काढले आहेत असे समजावे. बुरशी कडेला असेल तर फोटो बहुधा बिघडत नाही, पण ती काचेवरचा लेप खाते. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवणे हाच कोकणात काय किंवा मुंबईत काय, चालणारा उपाय आहे. याशिका मॅट-१२४जी मधल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. त्याची चिंता करू नये. मोबाइलमधले लाइट मीटर अ‍ॅप पुरते.

कोडॅकने १९०१ साली काढलेला १२० चा रोल अजूनही मिळतो. त्यावर ६×६ सेंटिमीटरचे १२ फोटो निघतात. प्रत्यक्ष निगेटिव्ह ५६ मिलिमीटर चौरस, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या एका फ्रेमच्या साडेतीनपटींहून मोठी. मोठ्या कॉपीतही त्वचा आणि कापडाचा पोत टिकतो तो यामुळे. रोल भरताना थेट उन्हात उभे राहू नये. रिकामी रीळ एका टोकाला, नवी दुसऱ्या टोकाला, फिल्मच्या पाठीवरच्या कागदाचे टोक रिकाम्या रिळाच्या खाचेत सरकवायचे आणि कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी येईपर्यंत गुंडाळायचे. शेवटच्या फोटोनंतर पूर्ण रोल गुंडाळून काढला की त्याच्या टोकाची डिंकाची पट्टी जिभेने ओली करून चिकटवतात. अर्धवट सैल रोल म्हणजे कडेने उजेड शिरलेला रोल.

प्रकाशाचा अंदाज मीटरशिवायही बांधता येतो. निरभ्र उन्हात अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) १६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे प्रकाशाला ती किती तेज आहे त्या आकड्याच्या जवळपास, म्हणजे १०० च्या फिल्मला १/१२५ सेकंद. ढग आले की अ‍ॅपर्चर एक-दोन घरे उघडायचे. जवळच्या विषयात मात्र एक खोट आहे. वरची लेन्स पाहते त्यापेक्षा खालची लेन्स काही सेंटिमीटर खालून पाहते. मीटरभर अंतरावरून चेहरा घेताना काचेवर डोक्यावर जागा सोडली नाही तर कॉपीत केस कापले जातात.

कृष्णधवल रोल घरी धुता येतो. उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून फिल्म धुण्याच्या बंद टाकीच्या रिळावर चढवून टाकी मिटायची. पुढचे सगळे उजेडात. इल्फर्डच्या एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मला २० अंश सेल्सिअसच्या, पाणी न मिसळलेल्या डी-७६ डेव्हलपरमध्ये साडेसात मिनिटे लागतात, मग धुणे, चित्र पक्के करणारा हायपो, पुन्हा धुणे. अडचण २० अंशांचीच आहे. एप्रिल-मेमध्ये नळाचे पाणी तिशीच्या घरात असते, म्हणून रसायनाच्या बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या बादलीत उभ्या करतात. तापमान वर राहिले तर वेळ कमी होत जातो, आणि पाच मिनिटांच्या खाली गेला की फिल्मवर डाग व पट्टे येण्याचा धोका वाढतो.

निगेटिव्ह लगेच स्कॅन करण्याची पद्धत आता रूढ आहे, पण मोठ्या फ्रेमचा खरा फायदा एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून छापणारे यंत्र) नसलेल्यालाही मिळतो. वाळलेल्या फिल्मच्या तीन-तीन फ्रेमच्या चार पट्ट्या कापून त्या ८×१० इंची फोटो पेपरवर मांडतात, वर काच ठेवतात, लाल दिव्यात सगळे सरळ करतात आणि साधा बल्ब काही सेकंद लावतात. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद हलवत राहिले की मिनिटभरात बाराही चित्रे एकदम वर येतात, आणि ती अगदी त्या दुधी काचेवर दिसली होती तेवढ्याच आकाराची असतात. फक्त डावे-उजवे आता जागेवर आलेले असते.