छोट्या गाडीत मोठं इंजिन: व्ही-एट बसवण्याच्या छंदाची पार्श्वभूमी

दोघा मित्रांनी मिळून एखाद्या छोट्या स्पोर्ट्‌स कारचं मूळ इंजिन उतरवायचं आणि जास्त ताकदीचं बसवायचं, हा अमेरिकेतल्या गॅरेजांमधला जुना उद्योग. गाडी माझ्दाची मियाटा असो, माझ्दाचीच आरएक्स-७ असो, नाहीतर जुनी डॅटसन. कोणतं इंजिन टाकावं हा प्रश्न निघाला की चर्चा फिरून फिरून एकाच उत्तराशी येते: एलएस टाका. एलएस म्हणजे शेवरले आणि कॉर्व्हेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सचं व्ही-एट, व्ही अक्षरासारख्या दोन ओळींत आठ सिलिंडर असलेलं इंजिन. हे उत्तर इतकं ठरलेलं आहे की त्याची आता टिंगलही होते. पण ते आपोआप ठरलं नाही. १९९७ साली बाजारात आलेल्या एका इंजिनाने आणि त्याआधी काही वर्षं बंद दाराआड झालेल्या एका वादाने ते ठरवलं.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-एट आणलं, ६५ हॉर्सपॉवरचं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि नंतरही कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर पोरं त्याच गाड्या उघड्या-बोडक्या करून पळवत. १९५५ मध्ये शेवरलेचं छोटं व्ही-एट आलं. हलकं, स्वस्त आणि कुठेही मिळणारं. पुढची चाळीस वर्षं ‘इंजिन बदलणं’ म्हणजे बहुतेक वेळा हेच इंजिन कशात तरी कोंबणं. जॅग्वारमध्ये, डॅटसन २४०झेडमध्ये, अगदी मागच्या चाकांपुढे इंजिन असलेल्या पोर्शा ९१४ मध्येसुद्धा.

ब्रिटिश गाड्यांची गोष्ट मात्र जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण पुढे जो जागेचा हिशोब सगळ्यात महत्त्वाचा ठरला तो तिथेच पहिल्यांदा स्पष्ट दिसतो. ब्रिटनमधली एसी एस ही देखणी, हलकी गाडी. तिला दोन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन पुरवणाऱ्या कंपनीने १९६१ च्या सुमारास ते बंद करायचं ठरवलं. टेक्सासच्या एका माजी रेसरने (हृदयविकारामुळे त्याला रेसिंग सोडावं लागलं होतं) एसीला पत्र लिहिलं की चेसिस द्या, अमेरिकन व्ही-एट मी बघतो. शेवरलेने त्याला इंजिन दिलं नाही. घरच्या कॉर्व्हेटला स्पर्धा कशाला, असा हिशोब होता म्हणतात. फोर्डने दिलं. फेब्रुवारी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता फे स्प्रिंग्सच्या एका गॅरेजमध्ये इंजिनाविना आलेल्या गाडीत ते बसवलं, आणि आठ तासांच्या आत गाडी रस्त्यावर होती असं सांगितलं जातं. हीच कोब्रा. हे जमलं त्याचं कारण फोर्डचं ते इंजिन पातळ ओतकामाचं आणि आटोपशीर होतं, काढलेल्या सहा सिलिंडरवाल्यापेक्षा फार जड नव्हतं.

दुसरं उदाहरण सनबीम टायगरचं. १९६४ मध्ये तेच फोर्ड इंजिन सनबीम अल्पाइनमध्ये बसवून ही गाडी काढली. जागा इतकी तंग की स्टीअरिंगची रचना बदलावी लागली, आणि तयार रंगवलेल्या बॉडीच्या फायरवॉलवर (इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर) कारखान्यात घण घालून ती आत दाबावी लागे. एक स्पार्क प्लग काढायचा तर गाडीच्या आतून फायरवॉलमधलं रबरी बूच काढून हात घालायचा. पुढे ही ब्रिटिश कंपनी क्रायस्लरच्या ताब्यात गेली. प्रतिस्पर्ध्याचं इंजिन विकायचं कसं, म्हणून त्यांनी स्वतःचं व्ही-एट बसतंय का ते पाहिलं. नाही बसलं. फोर्डचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) इंजिनाच्या पुढच्या टोकाला होता, क्रायस्लरचा मागच्या, म्हणजे नेमका फायरवॉलपाशी. १९६७ मध्ये टायगर बंद. इंजिन किती ताकदीचं आहे यापेक्षा त्याचा कुठला भाग कुठे बाहेर येतो यावर गाडीचं नशीब ठरतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता मुख्य मुद्दा.

१९८० च्या दशकाच्या शेवटी साऱ्या जगाचा कौल स्पष्ट दिसत होता. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, सिलिंडरांवरच्या झाकणात म्हणजे हेडमध्ये, तेही दोन-दोन, आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. जपानी आणि जर्मन कंपन्या तिकडे गेल्या होत्या. ब्लॉकच्या (सिलिंडर असलेल्या मुख्य सांगाड्याच्या) पोटात एकच कॅमशाफ्ट ठेवून पुशरॉड नावाच्या लांब काड्या आणि रॉकर नावाच्या तरफा यांनी व्हॉल्व्ह उघडायचे ही १९५५ ची पद्धत मोटारींच्या मासिकांत चेष्टेचा विषय झाली होती. कॉर्व्हेट बनवणाऱ्या कंपनीनेही जगाबरोबर जाऊन पाहिलं. १९९० ची कॉर्व्हेट झेडआर-१ आणली. तिचं एलटी५ इंजिन इंग्लंडमधल्या एका स्पोर्ट्‌स कार कंपनीने आखलेलं, आणि बांधलेलं ओक्लाहोमातल्या, बोटींची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात. चार कॅमशाफ्ट, ३२ व्हॉल्व्ह, ५.७ लिटर, ३७५ हॉर्सपॉवर. १९९३ पासून ४०५. इंजिन अप्रतिम होतं, पण महाग, रुंद आणि जड. १९९५ नंतर ते थांबलं.

त्याच काळात पुढच्या पिढीचं व्ही-एट कसं असावं यावर कंपनीत वाद चालू होता. एका बाजूचं म्हणणं, आता पुशरॉडला चिकटून राहिलो तर आपण जुनाट ठरू. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आपल्याला हेच इंजिन लाखो पिकअप ट्रकांतही टाकायचं आहे आणि कॉर्व्हेटचं बॉनेटही खाली ठेवायचं आहे. निर्णय पुशरॉडच्या बाजूने झाला. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस१ आलं: ॲल्युमिनियमचा ब्लॉक, ५.७ लिटर, ३४५ हॉर्सपॉवर. दोन शेजारच्या सिलिंडरांच्या मध्यांमधलं अंतर मात्र १९५५ च्या इंजिनाइतकंच, ४.४ इंच.

या निर्णयावर तेव्हा बरीच टीका झाली, आणि ती चुकीची नव्हती. लिटरमागे हॉर्सपॉवर काढली तर एलएस१ साठच्या आसपास येतं. १९९९ मध्ये आलेल्या होंडा एस२००० ने दोन लिटरमध्ये २४० काढून दाखवली, म्हणजे लिटरमागे १२०. पण लिटरमागे किती हा प्रश्न मुळात करामुळे मोठा झाला. जपानमध्ये आणि युरोपातल्या काही देशांत गाडीचा कर इंजिनाच्या सीसीवर असतो, त्यामुळे कमी सीसीतून जास्त ताकद पिळून काढणं हे तिथल्या इंजिनिअरांचं कामच झालं. अमेरिकेत तो कर नव्हता. आणि गॅरेजमध्ये दोघं जण टेप घेऊन बॉनेटखाली वाकतात तेव्हा सीसी मोजत नाहीत, इंच मोजतात.

इंचांचा हिशोब असा. चार कॅमशाफ्टच्या व्ही-एटमध्ये दोन्ही बाजूंच्या हेडवर दोन-दोन कॅमशाफ्ट, त्यांची चेन, वरचं मोठं झाकण. हे सगळं इंजिनाच्या सगळ्यात रुंद जागी येतं, जिथे गाडीत सस्पेन्शनचे टॉवर, स्टीअरिंगचा दांडा आणि ब्रेक बूस्टर असतात. पुशरॉड इंजिनात कॅमशाफ्ट दोन ओळींच्या मधल्या खाचेत बसतो, तिथे नाहीतरी दुसरं काही बसणार नसतं. हेड बारीक राहतं. फोर्डने नव्वदच्या दशकात उलटा रस्ता धरला. त्यांचं ४.६ लिटरचं नवं व्ही-एट त्यांच्याच जुन्या पाच लिटरच्या पुशरॉड इंजिनापेक्षा अंगाने रुंद निघालं. मियाटात त्याआधी फोर्डचं जुनं पाच लिटर बसवत असत. नवं बसवायला फारसं कुणी गेलं नाही.

आणि झेडआर-१ च्या बाजूने अजूनही हळहळणाऱ्यांसाठी एक आकडा: २००२ च्या कॉर्व्हेट झेड०६ मधल्या पुशरॉडवाल्या एलएस६ ने ४०५ हॉर्सपॉवर दिली. १९९३ च्या ३२ व्हॉल्व्हवाल्या एलटी५ इतकीच, तीही कितीतरी स्वस्तात. हा वाद माझ्या लेखी तिथेच मिटला. ज्यांना तो अजून खेळायचा आहे त्यांनी खुशाल खेळावा.

तरी केवळ कॉर्व्हेटमुळे ही लाट आली नसती. १९९८ पासून हेच इंजिन शेवरलेच्या स्वस्तातल्या कमारोमध्ये आलं, तारेचं ॲक्सिलरेटर आणि सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स घेऊन. १९९९ पासून त्याची लोखंडी ब्लॉकची ४.८ आणि ५.३ लिटरची भावंडं पिकअप ट्रकांत गेली. कॉर्व्हेटचं इंजिन भंगारात क्वचित यायचं आणि आलं तरी महाग. ट्रकचं ५.३ काहीशे डॉलरला मिळायचं. लोखंडी ब्लॉकमुळे पस्तीस-चाळीस किलो जास्त, पण रचना तीच, माउंटिंग तीच, गिअरबॉक्सचे बोल्ट तेच. ट्रकचा इनटेक (इंजिनात हवा नेणारा वरचा भाग) मात्र उंच, बॉनेट लागत नाही, तो बदलावा लागतो. तेलाचा संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचं भांडं, तोही बदलावा लागतो. ट्रकचा फार खोल, कॉर्व्हेटचा वटवाघळाच्या पंखांसारखा दोन्ही बाजूंना पसरलेला. छोट्या गाडीच्या क्रॉसमेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या तुळईवर) नीट बसतो तो कमारोचा. त्यामुळे झालं असं की भंगारबाजारात कमारोच्या नुसत्या संपची किंमत चढली.

हजार किलोच्या आतबाहेरच्या, मुळात ११६ हॉर्सपॉवरच्या मियाटात हे बसवायचं म्हणजे पुढची सबफ्रेम (इंजिन धरणारी चौकट) नवी, मागचा डिफरन्शियल मोठ्या गाडीचा, आणि गिअरबॉक्ससाठी मधला बोगदा ठोकून रुंद केलेला. गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास वाढतं. एकट्याने होणारं हे काम नव्हेच. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडूनच क्रेनला लटकवतात, शेपूट खाली करून तिरकं आत घालतात. एकाचा हात क्रेनच्या व्हॉल्व्हवर, दुसरा गाडीखाली आडवा पडून गिअरबॉक्सचं टोक बोगद्यात सारतोय आणि ओरडतोय, ‘थांब, थांब, हेडर अडकलं.’ हेडर म्हणजे एक्झॉस्टच्या नळ्यांचा जुडगा. स्टीअरिंगच्या दांड्यापाशी ते हमखास अडकतं.

यांत्रिक कामापेक्षा जास्त लोकांना हैराण केलं वायरिंगने. १९९६ पासून अमेरिकेतल्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीतले दोष स्वतःच नोंदवणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, आणि इंजिन म्हणजे इंजिन अधिक त्याचा कॉम्प्युटर असं समीकरण झालं. सगळं बसवून झालं, सेल्फ मारला, इंजिन छान सुरू झालं आणि दोन सेकंदांत बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. फ्युएल पंप तपासा, फिल्टर तपासा, अर्थ तपासा. आणि दोष निघतो चोरी-प्रतिबंधक यंत्रणेत. कॉम्प्युटर मूळ गाडीच्या दुसऱ्या एका पेटीकडून सांकेतिक शब्दाची वाट पाहतो. ती पेटी तर भंगारातच राहिलेली. शब्द आला नाही की तो इंधन तोडतो. हे कुलूप लॅपटॉपवरून काढून टाकणारं सॉफ्टवेअर २००० नंतर सहज मिळू लागलं, मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) सोलून स्वतंत्र करून देणारे धंदेही उभे राहिले. तेव्हापासून हा छंद मेकॅनिकांच्या हातून हौशी लोकांच्या हातात आला.

कायदा याच्या मागून धावत आला. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यातली प्रदूषण-यंत्रणेशी छेडछाड न करण्याची अट आधी विक्रेते आणि दुरुस्तीवाल्यांपुरती होती. १९९० च्या दुरुस्तीने ती कोणालाही लागू झाली, म्हणजे घरच्या गॅरेजमधल्या दोघा मित्रांनाही. कॅलिफोर्नियाचा नियम सगळ्यात कडक: नवं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, मूळ कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) आणि सेन्सरांसकट हवं, आणि खास तपासनिसाकडून पास करून घ्यावं लागतं. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना चाचणीच नाही. जुन्या डॅटसन झेड तिकडे इतक्या लोकप्रिय का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. मिशिगनमध्ये तर प्रदूषण तपासणीच नाही, त्यामुळे तिथे हा सगळा तपशील ऐकून लोक हसतात.

आरएक्स-७ वाल्यांचं भांडण वेगळं, आणि त्यात भावना जास्त. रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरत्या तिकोनी रोटरवर चालणारं) हाच त्या गाडीचा आत्मा, तो काढून ट्रकचं इंजिन घालणं म्हणजे पाप, असं एक मत. रोटरच्या टोकांवरच्या, झिजणाऱ्या ॲपेक्स सीलवर तीनदा पैसे घातलेल्यांचं मत निराळं. दोन टर्बो, त्यांचं पायपिंग आणि इंटरकूलर धरला तर वजनात फारसा फरक पडत नाही, हे दुसऱ्या पक्षाचं आवडतं वाक्य, आणि ते बरंचसं खरं आहे.

आपल्याकडे वाचणाऱ्यांच्या मनात आरटीओचा प्रश्न आला असेल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडक लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. आरसीवर इंजिन नंबर असतो, तो जुळला नाही की विषय संपला. तरी जिप्सीत एस्टीमचं १.३ बसवलेलं कुणी पाहिलं नाही असं नाही. गंमत म्हणजे १९९६ मध्ये ९७० सीसीचं इंजिन काढून जिप्सीत १.३ लिटर घालायचं काम कंपनीने स्वतःच केलं होतं.

अमेरिकेत आता वारा बदलतो आहे. या व्ही-एटच्या २०१४ पासूनच्या पुढच्या पिढीत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यासाठी कॅमशाफ्टवर चालणारा उच्च दाबाचा पंप आला. २०२० च्या कॉर्व्हेटचा कॉम्प्युटर तर इतका कुलूपबंद निघाला की ट्यूनिंगवाले बराच काळ त्याच्या दाराशी बसून होते. मियाटावाल्यांतले बरेच जण होंडाच्या २.४ लिटर के-मालिकेकडे वळलेत: कॅमशाफ्ट वरच, पण चारच सिलिंडर एका ओळीत, त्यामुळे रुंदीची अडचण नाही आणि मागचा डिफरन्शियलही दर वेळी बदलावा लागत नाही. उरलेले अजून जुन्या ५.३ च्याच शोधात ट्रकांच्या भंगारात फिरतात. तिथे किलोमीटर किती झालेत हे ते नंतर विचारतात. आधी विचारतात, इंजिनासोबत त्याचा कॉम्प्युटर, हार्नेस आणि ॲक्सिलरेटरचं पेडल देणार का.