कॅन्सरमधून उठलेल्या पोरांना मैदानावर जायची परवानगी इतक्या उशिरा का मिळाली

कॅन्सरची ट्रीटमेंट झालेल्या मुलाला खेळायला सोडायचं का, हा प्रश्न तसा अलीकडचाच, कारण आधी तो पडायचाच नाही. 1948 मध्ये बोस्टनला डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलं, आजार थोडे दिवस मागे हटला नि परत उलटला, पण तेवढंसुद्धा त्याकाळी केवढं मोठं होतं. पुढे 1962 ला मेम्फिसमध्ये सेंट ज्यूड हॉस्पिटल सुरू झालं, तिथे डॉक्टर डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं आणि डोक्याला रेडिएशन असं सगळं एकाच प्लॅनमध्ये बसवलं, आणि 1970 च्या आसपास ल्युकेमियाची जवळपास निम्मी मुलं वाचायला लागली. पोर जगलं हेच खूप, त्याच्या पळण्याचा विचार कोण करतंय!

तर 'जपून राहा, दगदग नको' हा सल्ला कुठल्या अभ्यासातून आला नव्हता, तो आपला चालत आलेला होता. खरं तर 1966 मध्येच डॅलसला विशीतल्या 5 धडधाकट पोरांना तीन आठवडे अंथरुणात ठेवून बघितलं होतं, त्यांचा दम साधारण पाव हिश्श्याने उतरला. म्हणजे ज्यांना काहीच झालं नव्हतं त्यांची ही गत, केमो घेणाऱ्याचं काय होत असेल. पण लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात हे पोचायला कित्येक वर्षं गेली.

त्यात औषधांचा मार वेगळाच. व्हिंक्रिस्टिन या केमोच्या औषधाने पायाच्या नसा दुखावतात, पाऊल नीट वर उचललं जात नाही, चालताना पंजा घासतो, जिन्यावर पोर अडखळतं. स्टिरॉइडने गाल फुगतात पण मांडीत ताकद राहत नाही, जमिनीवर बसलेलं मूल मांड्यांवर हात रेटत रेटत उठतं, आणि काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाच बिघडतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आळशी झालंय, लाडावलंय. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांचा परिणाम हृदयाच्या स्नायूवर होतो, तो तर कधीकधी कित्येक वर्षांनी कळतो.

हे सगळं आकड्यात दिसलं ते वाचलेली मुलं मोठी झाल्यावर. अमेरिकेत 1994 ला एक मोठा पाठपुरावा सुरू झाला, 1970 ते 86 मध्ये निदान झालेल्या मुलांचा, आणि 2006 च्या रिपोर्टमध्ये दर पाचातल्या तिघांना तरी काही ना काही जुनाट त्रास निघाला. इथून चक्र फिरलं, कारण हृदय, वजन, हाडं या तिन्हींवर व्यायामाचा उपयोग होतो हे मोठ्यांच्या बाबतीत माहीतच होतं. 2018 मध्ये याच पाठपुराव्यातून दिसलं की जोरकस व्यायाम करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आहे. अर्थात ज्यांची तब्येत मुळात बरी तेच जास्त पळणार, त्यामुळे सगळं श्रेय व्यायामाला देऊन टाकणं मला पटत नाही.

मुलांवरच्या ट्रायल मात्र फारच थोड्या आणि छोट्या झाल्या, माद्रिदच्या टीमने हॉस्पिटलातच जिम लावून ल्युकेमियाच्या मुलांकडून वजनं उचलून घेतली ती अशांपैकीच एक. मुलांसाठी वेगळी आंतरराष्ट्रीय गाइडलाइन यायला 2021 उजाडलं. हालचाल सगळ्यांच्या फायद्याची, फक्त पोराची तब्येत बघून, असा तिचा सूर. म्हणजे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना धक्काबुक्कीचे खेळ नकोत, हृदयावर परिणाम करणारी औषधं झाली असतील तर जड वजनं उचलण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या, वगैरे. शाळेत मात्र अजून बऱ्याचदा 'पीटी माफ' अशी चिठ्ठी जाते आणि कधीपर्यंत ते तिच्यावर कुणी लिहीत नाही.