ॲसिड हाऊस कशाने ठरतं?

ॲसिड हाऊस ही नाचाच्या संगीताची शैली ओळखायला कान पुरतो. दर मात्रेला ड्रमचा ठाम ठोका, मिनिटाला साधारण १२० ते १३०. त्यावर बेसची एकच छोटी ओळ, ओल्या बोटाने फुगा घासावा तशी कुंईकुंई करणारी. ती ओळ पुन्हापुन्हा येते, सूर तेच राहतात. बदलतो तो आवाजाचा पोत. वाजवणाऱ्याचा हात सारखा नॉबवर असतो. तो नॉब जरा जरा उघडत नेतो, तसा घुसमटलेला आवाज धारदार होत जातो आणि नाचणाऱ्यांच्या अंगात भिनतो.

हा आवाज रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या चंदेरी, छोट्या इलेक्ट्रॉनिक पेटीचा. तदाओ किकुमोतो यांनी ती घडवली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी, हा मूळ हेतू. पण खऱ्या बेस गिटारसारखी ती कधी वाजलीच नाही, शिवाय तिच्यात सूर भरणं किचकट. १९८४ पर्यंत उत्पादन थांबलं आणि उरलेल्या पेट्या जुन्या सामानाच्या दुकानांत मातीमोल भावाने जाऊ लागल्या. म्हणूनच तर त्या शिकागोतल्या खिसे रिकामे असलेल्या पोरांना परवडल्या.

शिकागोत जमीन तयार होती. १२ जुलै १९७९ ला तिथल्या कॉमिस्की पार्क मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला. डिस्को रेडिओवरून हटलं, पण कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुणांच्या क्लबांत ते जगलं. फ्रँकी नकल्स जिथे तबकड्या वाजवत, त्या ‘वेअरहाऊस’वरूनच ‘हाऊस’ हे नाव आलं.

डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघांनी, म्हणजे ‘फ्यूचर’ या गटाने, ३०३ चे नॉब नुसते पिळत बसून जे निघालं ते कॅसेटवर धरलं आणि ‘म्युझिक बॉक्स’ क्लबचे डीजे रॉन हार्डी यांना दिलं. पिअर सांगतात, पहिल्यांदा वाजलं तेव्हा फ्लोअर रिकामा झाला. हार्डींनी त्याच रात्री ते पुन्हा लावलं, मग पुन्हा. चौथ्या खेपेला लोक बेभान झाले. १९८७ मध्ये तेच ‘ॲसिड ट्रॅक्स’ म्हणून तबकडीवर आलं. माझ्या मते या शैलीचा जन्म त्या चौथ्या खेपेचा.

आता मुंबईचं. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच ३०३ आणि टीआर-८०८ हे ड्रमयंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. ३०३ मध्ये सुरावरून सुरावर घसरत जायची सोय होती, आपल्या मींडेसारखी; रागाला ती किती शोभते ते ऐकूनच कळतं. तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती नव्याने निघाली आणि जगभर चर्चा झाली की ॲसिड हाऊसचा जनक मुंबईकर. मला ते पटत नाही. त्यांचं लक्ष रागाच्या चलनावर होतं, आणि त्या संगीतामागे रात्रभर नाचणारा फ्लोअर नव्हता. पण पाच वर्षं आधी, कुणीही वाट न दाखवता, त्यांनी त्या पेटीतून जे काढलं ते थक्क करणारं आहे. सत्तरी ओलांडल्यावर युरोपातल्या मंचांवर ते हेच राग वाजवायला उभे राहिले, आणि समोर नाचणारे अखेर जमले.