एआयच्या आधी काय होतं: कंपन्यांच्या कंटेंट मॅनेजमेंटची मागची गोष्ट

सध्या कुठल्याही मोठ्या कंपनीत कंटेंट मॅनेजमेंटचा, म्हणजे कंपनीची सगळी कागदपत्रं आणि फायली साठवणं, शोधणं, सांभाळणं याचा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी एआयवर येते. फाइल शोधत बसायचं नाही, सरळ प्रश्न विचारायचा आणि उत्तर घ्यायचं, करारांचा सारांश आपोआप, इनव्हॉइसमधले आकडे आपोआप. यातलं बरंचसं आज खरंच चालतंय आणि मला ते मनापासून आवडतं. पण हे सगळं ज्याच्यावर उभं राहतंय तो पाया चाळीसेक वर्षं जुना आहे, आणि तो कसा घातला गेला हे ठाऊक नसेल तर आजचे प्रोजेक्ट नेमके कुठे अडकतात तेही लक्षात येत नाही.

कॉम्प्युटरच्या आधीचं थोडक्यात सांगतो. कागद जागा खायचा म्हणून मायक्रोफिल्म आली, म्हणजे पानांचे अगदी बारीक फोटो असलेली फिल्म, १९२० च्या दशकात बँका चेकचे फोटो फिल्मवर घ्यायला लागल्या. आज या क्षेत्रातली मोठी संघटना असलेली एआयआयएम १९४३ मध्ये सुरू झाली ती नॅशनल मायक्रोफिल्म असोसिएशन या नावाने.

खरी सुरुवात १९८२ ची, कॅलिफोर्नियात फाइलनेट कंपनी निघाली तेव्हाची. आलेला कागद स्कॅन करायचा, त्याची इमेज ऑप्टिकल डिस्कवर टाकायची. या डिस्क मोठ्या ताटलीएवढ्या, एकदा लिहिलं की पुसता न येणाऱ्या, आणि त्या ठेवायला ज्यूकबॉक्स नावाचं कपाटाएवढं मशीन, ज्याच्या आतला यांत्रिक हात हवी ती डिस्क काढून ड्राइव्हमध्ये घालायचा. आता यात एक गोष्ट नीट बघा, कॉम्प्युटरला ते पान वाचता येत नव्हतं, त्याच्यासाठी तो नुसता फोटो, त्यामुळे ऑपरेटर स्क्रीनवर ते पान बघून पॉलिसी नंबर, नाव, तारीख हाताने टाइप करायचा आणि पुढे ते पान सापडणार ते फक्त त्या दोन-चार शब्दांवरून. नंबर चुकला तर पान डिस्कवर असूनही हरवलं. पण विमा कंपन्या आणि बँकांनी ते उचललं ते नुसती जागा वाचते म्हणून नाही, तर वर्कफ्लो मिळाला म्हणून, म्हणजे काम एकाकडून दुसऱ्याकडे ठरलेल्या क्रमाने आपोआप जाण्याची सोय. क्लेमची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला दिवस लागायचे, ती आता रांगेत लगेच पुढे सरकायची, आणि एकच फाइल दोघांना एकाच वेळी बघता यायला लागली.

नंतर प्रश्न बदलला. कागद आणून स्कॅन करायचा प्रकार कमी झाला, डॉक्युमेंट कॉम्प्युटरवरच तयार व्हायला लागली, मग यातली खरी कुठली, शेवटचा बदल कोणी केला, मंजुरी कोणाची. १९९० मध्ये झेरॉक्सच्या पाठबळावर डॉक्युमेंटम उभी राहिली ती याच प्रश्नावर. सुरुवातीच्या कामांत बोइंग ७७७ ची ट्रेनिंग मॅन्युअल्स होती आणि सिंटेक्स या औषध कंपनीचे नव्या औषधाच्या मंजुरीचे अर्ज. चेक-आउट, चेक-इन (बदल करायला फाइल आपल्या नावावर घेणं आणि बदलून परत ठेवणं), व्हर्जन, ऑडिट ट्रेल (कोणी कधी काय केलं याची नोंद) हे जे आपण आज गृहीत धरतो ते असल्या कामांतून घट्ट झालं. दुसरीकडे ओपनटेक्स्ट १९९१ ची, वॉटर्लू विद्यापीठात ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी कॉम्प्युटरवर शोधता यावी म्हणून जो प्रोजेक्ट झाला त्यातून निघालेली, म्हणजे तिचं मूळ सर्चमध्ये. पुढे याच ओपनटेक्स्टने डॉक्युमेंटम विकत घेतली, २०१७ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला.

एंटरप्राइज कंटेंट मॅनेजमेंट, म्हणजे ईसीएम, हे नाव साधारण २००० च्या सुमारास एआयआयएमने रुजवलं. स्कॅनिंग, डॉक्युमेंट, वेबसाइट, ईमेल, रेकॉर्ड्स (म्हणजे पुरावा म्हणून जपून ठेवायची कागदपत्रं), सगळं एका छत्राखाली. आणि लगेच एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीच्या हिशेबातल्या घोटाळ्याचं प्रकरण झालं, तिचं ऑडिट करणाऱ्या आर्थर अँडरसनने कागदपत्रं नष्ट केल्याचं बाहेर आलं, २००२ मध्ये अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा आला आणि तपासात अडथळा आणण्यासाठी रेकॉर्ड नष्ट केलं तर वीस वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद झाली. तोवर हा आयटीचा विषय होता, आता तो वकिलांचा आणि संचालक मंडळाचा झाला. कुठलं डॉक्युमेंट किती वर्षं ठेवायचं, कधी डिलीट करायचं, केस सुरू असेल तर काय गोठवून ठेवायचं, यासाठी पैसे मोकळे झाले आणि मोठ्या कंपन्या खरेदीला उतरल्या. डेटा साठवण्याची उपकरणं बनवणाऱ्या ईएमसीने २००३ मध्ये डॉक्युमेंटम घेतली, आयबीएमने २००६ मध्ये सुमारे १६० कोटी डॉलरला फाइलनेट.

इथपर्यंत सगळं वरून खाली आलेलं. वापरणाऱ्या माणसाचं काय झालं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डॉक्युमेंट सेव्ह करायला गेलं की फॉर्म उघडायचा: विभाग, प्रकार, क्लायंट, गोपनीयता, किती वर्षं ठेवायचं, आणि प्रत्येकापुढे लाल स्टार, म्हणजे भरणं सक्तीचं. संध्याकाळी घाईत असलेला माणूस काय करणार, यादीतलं पहिलं जे असेल ते निवडणार, नाहीतर 'इतर'. असं वर्षानुवर्षं चाललं की लायब्ररीत ढीगभर 'इतर' साठतं आणि महागडी सिस्टिम असूनही लोक सहकाऱ्याला ईमेल करूनच फाइल मागवतात. यात माणसांचा आळस नाही, ज्याला फॉर्म भरायला लावलं त्याला त्या फॉर्मचा काहीच उपयोग नव्हता, उपयोग दुसऱ्या कोणालातरी काही वर्षांनी होणार होता.

म्हणूनच मायक्रोसॉफ्टचं शेअरपॉइंट २००१ मध्ये आलं आणि पसरलं, कारण टीमला स्वतःची साइट पटकन काढता यायची. पुढे बॉक्स, ड्रॉपबॉक्स या इंटरनेटवर फाइल ठेवायच्या सेवा आल्या, ब्राउझरमध्ये ओढून टाकलं की झालं, लिंक पाठवली की काम संपलं, आणि कंपनीचा कंटेंट कंपनीच्या नकळत बाहेर जायला लागला. वेगवेगळ्या सिस्टिमना एकमेकींशी बोलता यावं म्हणून २०१० मध्ये सीएमआयएस नावाचं सामायिक स्टँडर्डही आलं, पण तोवर सगळं एका जागी आणायचं स्वप्नच मागे पडत चाललं होतं. २०१७ च्या आसपास गार्टनर या आयटी क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या सल्लागार कंपनीने ईसीएम हा शब्द बाजूला ठेवून कंटेंट सर्व्हिसेस म्हणायला सुरुवात केली, म्हणजे फाइल राहू दे जिथे आहे तिथे, वरून सर्च, वर्कफ्लो, परवानग्या पुरवा.

आणि आता एआय. आधी ते फॉर्म भरायला आलं, पान वाचून हे इनव्हॉइस आहे, तारीख ही, रक्कम ही, असं स्वतः ओळखणारं, आणि खात्री कमी असेल तर माणसाकडे पाठवणारं. ज्यूकबॉक्सच्या काळातल्या त्या ऑपरेटरचं काम शेवटी मशीनने उचललं. मग २०२० मध्ये रॅग ही पद्धत मांडली गेली, आधी संबंधित उतारे शोधायचे आणि त्यांच्या आधारावर मॉडेलने उत्तर लिहायचं, आणि २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यावर प्रत्येक कंपनीला आपल्या फायलींवर हेच हवं झालं.

पण असा असिस्टंट लावला की जुनं सगळं वर येतं. कोणीतरी कधीतरी पगाराची शीट 'सर्वांना दिसेल' असं ठेवलेल्या फोल्डरमध्ये टाकलेली असते, इतकी वर्षं ती कोणाला सापडली नाही कारण कोणी शोधलीच नाही, असिस्टंटला मात्र ती क्षणात सापडते आणि त्याच्या दृष्टीने तो काही चुकत नाही, परवानगी होतीच. रजेच्या नियमांच्या तीन आवृत्त्या पडून असतील आणि चालू कुठली हे कुठेच लिहिलेलं नसेल तर तो जुनीवरूनही तितक्याच ठामपणे उत्तर देतो. त्यामुळे आज एआयच्या प्रोजेक्टमध्ये सुरुवातीचे महिने परवानग्या तपासण्यात आणि शिळ्या फायली काढण्यात जातात, म्हणजे कंपनीचे रेकॉर्ड सांभाळणारे, रेकॉर्ड्सवाले लोक जे वीस वर्षं ओरडून सांगत होते तेच काम, आणि आता त्यांना मीटिंगला आवर्जून बोलावतात याचा मला खूप आनंद आहे.

त्यांच्यापुढे सध्या नवीन प्रश्न आहेत. मीटिंगचा एआयने केलेला सारांश हा रेकॉर्ड मानायचा का, मानला तर किती वर्षं ठेवायचा, कर्मचाऱ्याने विचारलेला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर कोर्टात मागितलं तर द्यावं लागेल का, आणि मूळ डॉक्युमेंट नियमाप्रमाणे डिलीट केलं तरी सर्चच्या इंडेक्समध्ये, म्हणजे शोधण्यासाठी बनवलेल्या सूचीत, त्याचे तुकडे राहिले असतील तर ते डिलीट झालं असं म्हणायचं की नाही.