बेडकाच्या डोळ्यातला जांभळा रंग

अंधारात ठेवलेल्या बेडकाचं दृष्टिपटल जांभळट लाल दिसतं. त्यावर उजेड पडला की ते बघता बघता पिवळट होतं आणि थोड्या वेळाने रंग पार उडून जातो. फ्रान्झ बोल यांनी १८७६ मध्ये हे टिपलं होतं. पण रंग उडतो तेव्हा नेमकं काय होतं, हे पुढची पन्नासेक वर्षं कोडंच राहिलं. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या जॉर्ज वॉल्ड यांनी ते हाती घेतलं आणि उमेदीची सगळी वर्षं त्यातच घातली.

१९३२ मध्ये वॉल्ड बर्लिनला ओट्टो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांना दृष्टिपटलातच अ जीवनसत्त्व सापडलं. ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो हे आधीपासून माहीत होतं, पण ते डोळ्याच्या आत काय काम करतं याचा पत्ता नव्हता. या जीवनसत्त्वाची रचना नुकतीच उलगडणारे पाउल कारर झ्युरिकला होते. त्यांच्याकडे जाऊन वॉल्ड यांनी खात्री करून घेतली. पुढचा मुक्काम हायडेलबर्ग. एवढ्यात हिटलर सत्तेवर आला. वॉल्ड ज्यू, त्यामुळे अमेरिकेतून परत या म्हणून निरोप आला. निघण्याआधी, बाकीचे सुट्टीवर असताना, प्रयोगशाळेत हंगेरीहून बेडकांची खेप येऊन पडली होती. वॉल्ड यांनी ती कामाला लावली आणि त्यातून रेटिनॅल हा पिवळा पदार्थ हाती लागला. जांभळा रंग उडतो तेव्हा मागे उरतो तो हाच, आणि शरीर तो अ जीवनसत्त्वापासून बनवतं.

पुढे हार्वर्डमध्ये रूथ हबर्ड त्यांच्या प्रयोगशाळेत आल्या. रेटिनॅलचा फक्त एक विशिष्ट, वाकलेला आकारच त्या जांभळ्या रंगद्रव्यातल्या प्रथिनात चपखल बसतो, हे १९५०च्या दशकात दाखवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मांडी घालून बसलेल्या माणसाने झटकन पाय लांब करावेत, तसा प्रकाश पडताच हा रेणू सरळ होतो. पाहण्याची सुरुवात तिथे होते. १९६७चं नोबेल वॉल्ड यांना मिळालं, हबर्ड यांना नाही. मला ते आजही खटकतं.

सरळ झालेला रेणू पुन्हा वाकवायला वेळ लागतो. मे महिन्यात भर दुपारी दादरच्या प्लाझा सिनेमागृहात शिरल्यावर खुर्ची चाचपडत शोधावी लागते, त्याचं हे एक मोठं कारण. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी प्रत्येक डोळ्यात सुमारे १२ कोटी असतात. त्या पूर्ण तयार व्हायला अर्धा तास सहज लागतो.

अ जीवनसत्त्वच अपुरं असेल, तर दंडपेशी तयार होणार कशा? म्हणून दिवसा हुंदडणारं मूल दिवेलागणीला ठेचकाळू लागतं. मानखुर्दच्या एखाद्या अंगणवाडीत ताई सपाट चमच्यावरची खूण बघून पोरांच्या तोंडात जे सायरप घालतात, ते यासाठीच. नवव्या महिन्यात १ लाख युनिट, मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. ही योजना देशात १९७० पासून चालू आहे. डोस चुकवू नये, आणि आपल्या मनाने जास्तीचा पाजूही नये; हे जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि अति झालं की बाधतं. शेवग्याचा पाला, अळू, लाल भोपळा, आंबा हे खाण्यात हवंच, आणि भाजीला थोडं तेल हवं, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही.

सगळा रातांधळेपणा मात्र सायरपने जात नाही. सरळ रेणू परत वाकवणारं एक एन्झाइम आरपीई६५ या जनुकावरून बनतं. तेच जनुक बिघडलेलं असेल, तर कितीही जीवनसत्त्व द्या, गाडी पुढे सरकत नाही. अशा रुग्णांच्या दृष्टिपटलाखाली चांगलं जनुक सोडण्याच्या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. तिथे तेव्हा दोन्ही डोळ्यांची किंमत होती साडेआठ लाख डॉलर! आपल्याकडच्या सामान्य घराला हे कसं परवडणार? ही किंमत खाली यायलाच हवी.

असे आनुवंशिक आजार नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत जास्त दिसतात. डोस वेळेवर मिळूनही मूल संध्याकाळी अडखळत असेल, तर त्याला दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाकडे न्यावं. ते बहुधा ईआरजी नावाची तपासणी करायला सांगतील. त्यात उजेडाला दृष्टिपटल काय विद्युत प्रतिसाद देतं ते मोजतात, आणि दंडपेशींचं काम वेगळं तपासता येतं. या प्रतिसादाची फोड करून दाखवली ती राग्नार ग्रानिट यांनी. १९६७च्या नोबेलमध्ये तेही वॉल्ड यांचे वाटेकरी होते.